वावर नदीपलीकडे, घर अलीकडे: कज्जा कोणत्या कोर्टात न्यायचा?

आमच्या भागात वर्धा नदी दोन जिल्ह्यांची हद्द धरून वाहते. अलीकडे आर्वी तालुका, जिल्हा वर्धा, महसुली विभाग नागपूर. पलीकडे तिवसा तालुका, जिल्हा अमरावती, विभागही अमरावतीच. कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी जायचं तर देऊरवाड्यावरून पूल ओलांडला की झालं. पण पलीकडच्या धुऱ्यावरून (बांधावरून) वाद उभा राहिला की तहसील वेगळं, मोजणीचं ऑफिस वेगळं, ठाणं वेगळं, कोर्टही वेगळं. सोयरीक नदीच्या दोन्ही अंगांना, वावरंही दोन्ही अंगांना. त्यामुळे असे कज्जे आमच्याकडे कायम येत राहतात.

मी विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे. वकिली माझं काम नाही. लोकांचे कागद लावून देणं, अर्ज लिहून देणं, योग्य दारापर्यंत पोचवणं हे माझं काम. माणूस ओट्यावर बसला, पाणी प्याला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोन्त्या कोर्टात जाचं?" चुकीच्या दारी गेलेल्या माणसाचं किती नुकसान होतं ते मी डोळ्यांनी पाहते. मुद्रांकाचा खर्च जातो, पेशीच्या दिवशीची मजुरी बुडते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मुदत निघून जाते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हद्द शोधा, मग स्टॅम्प घ्या

एक गोष्ट पहिल्यांदा मनातून काढून टाका. तालुक्याचं गाव तेच कोर्टाचं गाव, असं दरवेळी नसतं. आमच्याच जिल्ह्यात पाहा. देवळी आणि पुलगाव या दोन शेजारच्या नगर परिषदा. तालुका देवळीचा, तहसील देवळीला, पण दिवाणी आणि फौजदारी न्यायालय पुलगावला आहे. तालुके नवे झाले, जिल्हे फुटले, कोर्टाच्या हद्दी मात्र वेगळ्या आदेशांनी ठरत आल्या. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघालं, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. घरात पन्नास वर्षांपूर्वीचा निकाल असेल आणि त्यावर भंडारा कोर्टाचा शिक्का असेल, तर आजचा दावाही तिथेच जाईल असं धरून चालू नका.

चार हद्दी वेगवेगळ्या तपासा. महसुलाची हद्द सातबाऱ्याच्या माथ्यावरच असते: गाव, तालुका, जिल्हा. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा काढताना आधी विभाग निवडावा लागतो. नदीपलीकडच्या वावराचा उतारा नागपूर विभागात शोधत बसलात तर तो सापडणारच नाही, अमरावती विभागात जावं लागेल. उतारा मिळाला नाही म्हणून "आमचं वावर कंप्युटरवरून गायब केलं" असं घाबरून सांगणारी माणसं येतात. बहुतेक वेळा विभाग चुकलेला असतो.

दुसरी हद्द कोर्टाची. कोणतं गाव कोणत्या कोर्टाखाली येतं हे त्या कोर्टाच्या कार्यालयात विचारलं की सांगतात. नाझराकडे किंवा दावे दाखल करून घेणाऱ्या खिडकीवर जा आणि सरळ विचारा, "मौजा अमुक, तालुका तमुक, हे गाव इथंच येते का?" मौजाचं नाव सातबाऱ्यावर जसं आहे तसंच सांगा. एकाच नावाची गावं आपल्याकडे खूप. बुद्रुक-खुर्द, रिठी, माळ यांतलं जे काही नावापुढे असेल ते सोडू नका. रिठी म्हणजे उजाड गाव, वस्ती नाही, पण महसुली मौजा म्हणून ते जिवंत असतं आणि त्याची हद्द शेजारच्या तालुक्यात जाऊ शकते.

तिसरी हद्द ठाण्याची, चौथी दुय्यम निबंधकाची. नोंदणी कायद्याच्या कलम २८ प्रमाणे जमिनीचा सगळा किंवा काही भाग ज्या निबंधकाच्या हद्दीत, तिथे खरेदीखत किंवा वाटणीपत्र नोंदवता येतं. ठाण्याबद्दल खाली बोलते.

जमीन दोन कोर्टांच्या हद्दीत असेल तर

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. तिचं कलम १६ सांगतं की जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात. घर कुठे, भाऊ राहतो कुठे, याने फरक पडत नाही. भाऊ पुण्यात नोकरीला असला म्हणून वाटणीचा दावा पुण्यात जात नाही.

मग जमीन दोन ठिकाणी असेल तर? त्यासाठी कलम १७ आहे. वेगवेगळ्या कोर्टांच्या हद्दीत मिळकत असेल, तर ज्याच्या हद्दीत तिचा कोणताही भाग आहे अशा कोणत्याही एका कोर्टात सगळ्या मिळकतीचा दावा टाकता येतो. अट एवढीच की संपूर्ण दाव्याची किंमत त्या कोर्टाच्या अधिकारात बसली पाहिजे. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांच्या अधिकाराला रकमेची मर्यादा असते. ती ओलांडली तर वरिष्ठ स्तराकडे जावं लागतं.

एक बाई आल्या होत्या. माहेरचं वावर, बाप वारलेला, दोघं भाऊ. अलीकडे पाच एकर, पलीकडे तीन. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की दोन जिल्हे म्हणजे दोन दावे, दोन वकील, दोन खर्च. त्या खर्चाच्या भीतीने हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन मोकळं व्हायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. मी त्यांचे दोन्ही सातबारे ओट्यावर शेजारी ठेवले. खडूने मधोमध नदी काढली. एका उताऱ्यावर भावांची नावं वारसाने लागली होती, यांचंही होतं. दुसऱ्यावर फक्त दोघा भावांची. पलीकडचा पटवारी वेगळा, फेरफार वेगळा, आणि तिथे वारसाचा अर्ज देताना बहिणीचं नाव गाळलेलं. हे दोन उतारे एकत्र कोणी पाहिलेच नव्हते. ती रेघ काढल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हंजे हिकडं मी हावो अन् तिकडं मी मेलो!"

त्यांच्यासारख्यांसाठी नीट सांगते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मानेच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, बाप जिवंत असण्याची गरज नाही. वाटणीचा दावा करायचा तर आठही एकर एकाच दाव्यात आणा. निम्मी मिळकत इकडे, निम्मी तिकडे असे तुकडे करू नका. सगळी सामायिक मिळकत दाव्यात नाही ही हरकत समोरचा वकील पहिल्याच झटक्यात घेतो. कोर्ट निवडताना जाणं-येणं कुठे सोपं, साक्षीदार कुठले, जास्त जमीन कुठे, हे पाहा. दाव्यात एक परिच्छेद खास हद्दीचा असतो. तिथे दोन्ही मौजे, दोन्ही तालुके लिहून "मिळकतीचा काही भाग या न्यायालयाच्या हद्दीत आहे" हे वाक्य आलंच पाहिजे. ते आहे की नाही, सही करण्याआधी वकिलाला वाचून दाखवायला सांगा.

आणि फीचं. शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात मिळकतीचे वाद, पोटगी, घटस्फोट आणि अत्याचार यांच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. हे खेड्यात अजूनही फार बायकांना ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वकीलही फुकट मिळू शकतो. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, तर उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो.

हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा लेखी आदेश, झाला की काम संपलं असं समजू नका. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस (चांगली-हलकी जमीन पाहून) तुकडे कोर्ट पाडत नाही. त्याच दिवाणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्याकडे जातं आणि तिथून तहसीलदार, भूमी अभिलेख असं खाली उतरतं. अलीकडच्या पाच एकरांसाठी वर्ध्याची यंत्रणा, पलीकडच्या तीनसाठी अमरावतीची. दोन्हीकडे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल, म्हणून हुकूमनाम्याच्या जादा सहीशिक्क्याच्या नकला आधीच काढून ठेवा. कर्जवसुलीसारख्या पैशाच्या हुकूमनाम्यात समोरच्याची मालमत्ता दुसऱ्या हद्दीत असेल तर कलम ३९ खाली तो तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो.

हद्दच कळत नसेल तर

नदीकाठी हेही होतं. पूर येतो, काठ खचतो, पात्र सरकतं, एकीकडची माती दुसरीकडे जाऊन बसते. पेरणीच्या दिवशी दोघं जण एकाच गाळपेरावर तिफन घेऊन उभे. एक म्हणतो जमीन आर्वीची, दुसरा म्हणतो तिवशाची. कायद्याने याचीही वाट काढून ठेवली आहे. मिळकत नेमकी कोणत्या कोर्टाच्या हद्दीत हे अनिश्चित असेल, तर कलम १८ प्रमाणे त्यांपैकी एक कोर्ट, शंकेला खरंच आधार आहे अशी खात्री झाल्यावर, तशी नोंद करून दावा चालवू शकतं. त्याचा निकाल हद्दीतल्या जमिनीच्या निकालाइतकाच पक्का.

पण कोर्टाने ती नोंद करावी म्हणून आधार तुम्ही द्यायचा. दोन्ही गावांचे नकाशे भूमी अभिलेखाच्या दोन्ही तालुक्यांच्या कार्यालयांतून काढा. मोजणीचा अर्ज द्यायचा तर दोन्हीकडे द्यावा लागतो, कारण एका तालुक्याचा भूमापक दुसऱ्या तालुक्याच्या मौजात साखळी टाकत नाही. मोजणी झाली की 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मागून घ्या. जुने शेतसाऱ्याचे दाखले, पीकपेऱ्याच्या नोंदी, पुराच्या वर्षीचा पंचनामा असेल तर तोही. म्हाताऱ्या माणसांना हद्दीचे दगड, जुनी बाभूळ, डोहाची जागा आठवते. त्यांची नावं साक्षीदार म्हणून आजच लिहून घ्या.

पांधणीचा रस्ता: इथे नियम वेगळा

खेड्यात सगळ्यांत जास्त भांडण वाटेवरून. पांधण नांगरली, धुऱ्यावर काट्या टाकल्या, नाल्याचं पाणी वळवलं. हे प्रकरण आधी तहसीलदाराकडे जातं, आणि तहसीलदाराला कलम १७ ची सोय नाही. त्याचा हात त्याच्या तालुक्यापुरता. अडवलेली जागा ज्या मौजात, त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे अर्ज. पांधण दोन तालुक्यांतून जात असेल आणि दोन्हीकडे अडवली असेल, तर दोन अर्ज.

आधीपासून असलेली वाट किंवा पाणी कोणी अडवलं असेल तर मामलतदार (म्हणजे तहसीलदारच) न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. याची मुदत अडथळा आल्यापासून सहा महिने. ही मुदत डोक्यात पक्की ठेवा, कारण गावात "पोळा होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, बसून मिटवू" म्हणता म्हणता सहा महिने सरतात. धुऱ्यावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. त्यात तहसीलदाराचा निर्णय पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. अर्जासोबत कच्चा नकाशा हाताने काढून लावा: उत्तर दिशा, गट नंबर, अडवलेली जागा लाल शाईने. तहसीलदार जागा पाहायला आले की तोच कागद हातात धरतात.

पैसे, चेक, बियाणं

इथे जमिनीइतकी अडचण नाही. उसनवारी, मजुरीचे पैसे, मालाचे पैसे यांचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे समोरचा राहतो तिथे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे. पलीकडच्या व्यापाऱ्याने तुमच्या अंगणात काटा लावून कापूस नेला असेल तर व्यवहाराचा काही भाग तुमच्या गावात घडला. म्हणून काटापट्टीवर गावाचं नाव लिहून घ्यायची सवय लावा.

चेक परत आला तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात करता येते. व्यापारी कुठलाही असो. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार.

सोयाबीन उगवलं नाही, बियाणं बोगस निघालं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात "वाद अमुक शहराच्या न्यायालयाच्या अधीन" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. मात्र पंचनामा वावर ज्या तालुक्यात, तिथल्या बियाणे तक्रार निवारण समितीकडून करून घ्यावा लागतो. म्हणजे वावर पलीकडे असेल तर पंचनामा तिवशाचा आणि तक्रार वर्ध्यात. यात काही चूक नाही. पिशवी, टॅग, पावती आणि थोडं उरलेलं बियाणं जपून ठेवा. मोड (दुबार) पेरायच्या घाईत पिशव्या चुलीत जातात, तेवढं करू नका.

ठाणं आणि हद्दीचा बहाणा

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ठाण्यात ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, देता येते. ठाणं ती शून्य क्रमांकाने नोंदवतं आणि हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवा. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती जपा. बैलजोडी अलीकडून चोरली आणि पलीकडच्या बाजारात विकली, असा गुन्हा दोन हद्दींत पसरला असेल तर खटला कोणत्याही एका हद्दीतल्या कोर्टात चालू शकतो.

सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला कोणी "सासर ज्या तालुक्यात तिथंच जा" म्हणून सांगितलं तर ते खरं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती आज जिथे राहते, भले तात्पुरती असो, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोटगीचंही तसंच. तिला पुन्हा त्या गावच्या बसमध्ये बसवायची गरज नाही.

चुकीच्या कोर्टात दावा पडलाच तर

घाबरून दावा सोडून देऊ नका. हद्द नाही असं दिसलं की कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली दावा फेटाळत नाही, तो योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत करतं. परत करताना त्यावर दाखल केल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. तो शेरा नीट पाहून घ्या. चुकीच्या कोर्टात चांगल्या हेतूने, काळजी घेऊन घालवलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वजा होतो, आणि त्याचा पुरावा तो शेराच आहे. पण मधे महिनोन्महिने घरी ठेवलेल्या दाव्याला ही सवलत मिळत नाही, म्हणून परत मिळालेला दावा त्याच आठवड्यात पुढे न्या.

तुम्ही प्रतिवादी असाल तर उलट बाजूने लक्ष द्या. हद्दीची हरकत पहिल्या संधीलाच, कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवण्याआधी घ्यावी लागते. नंतर अपिलात ती सहसा ऐकली जात नाही. आणि त्याच वादाचा दावा समोरच्याने पलीकडच्या कोर्टात टाकला असेल, तर दाव्याची दोन जिल्ह्यांमधली बदली जिल्हा न्यायाधीशांच्या हातात नसते. वर्धा आणि अमरावती दोन्ही नागपूर खंडपीठाखाली येतात, अर्ज तिथे करावा लागतो.

शेवटचं, कॅव्हेटचं. कॅव्हेट म्हणजे "आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा कोर्टात आधीच लावून ठेवलेला अर्ज. वावर दोन हद्दींत असेल आणि भाऊ किंवा शेजारी गुपचूप मनाई हुकूम आणेल अशी धास्ती असेल, तर कॅव्हेट एका कोर्टात लावून उपयोग नाही. कलम १७ ने त्यालाही दोन्ही दारं उघडी आहेत. दोन्ही कोर्टांत लावा, प्रत रजिस्ट्रेशन केलेल्या स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि ९० दिवसांनी ती संपते म्हणून कॅलेंडरवर खूण करून वेळेआधी नवी लावा.